सुट्टीतील आजारपण आणि आपली राहणी

शाळा चालू असते तोपर्यंत विद्यार्थ्याच्या दिवसाची आखणी शाळेची घंटा करीत असते. केव्हा उठावे, केव्हा जेवावे, भर दुपारी कोठे बसावे, हे त्यास स्वतः ठरवावे लागत नाही. वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे ही घंटा बंद पडते आणि तिच्याबरोबर दिवसाचा क्रमही सुटतो. सकाळी उशिरा उठणे, दुपारी बारा वाजता आमराईत अगर विहिरीवर असणे, लग्नघरी एका दिवसात तीन पंक्तींना बसणे, आणि रात्री मोबाइलवरील चित्रे पाहत जागणे, असा नवा क्रम सुरू होतो. सुट्टी याकरिताच असते असे कोणी म्हणेल, व त्या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे. परंतु जूनमध्ये शाळा उघडल्यावर गैरहजर मुलांची चौकशी केली, तर ‘ऊन लागले’, ‘हगवण लागली’, ‘ताप येतो’ ही तीनच कारणे फिरून फिरून कानी पडतात.

आमच्या चाकूर भागातील मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चाकूर हे लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचे गाव असल्यामुळे शाळेच्या दिवसांत मूल आजारी पडले तर डॉक्टर जवळ असतो. वर्गातील शिक्षकांच्याही ध्यानात त्याचा उतरलेला चेहरा येतो. सुट्टीत तेच मूल आजोळी, एखाद्या शेतातील आखाड्यावर किंवा हमरस्त्यापासून दूरच्या वाडीवर असते. घरची मोठी माणसे लग्नकार्यात किंवा पेरणीपूर्वीच्या मशागतीत गुंतलेली असतात. ‘उद्या सकाळी बघू’ असे म्हणता म्हणता दोन दिवस निघून जातात. हे जे पहिले दोन दिवस, त्यांत रोग्याजवळ डॉक्टर नसतो. आई असते, आजी असते, थोरला भाऊ असतो, आणि त्या घराची रोजची रीत असते. घरात पाणी कसे ठेवतात, आजाऱ्यास खावयास काय देतात, अंगात काय घालतात, यावर त्या दोन दिवसांचा निकाल लागतो. सबब या लेखात औषधांपेक्षा राहणीचाच विचार अधिक केला आहे.

प्रथम उन्हाचा विचार करू. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. हवा शरीराहून अधिक तापली म्हणजे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम त्वचेवर पुरता वाळला तर तो आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात तासास सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता उत्पन्न होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका लिटर घामाने किती तासांचे काम होते ते विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावे. त्रैराशिकाचे ते सोपे उदाहरण आहे. मात्र घाम वाळला तरच हे घडते. कपड्यात चिकटून राहिलेला किंवा थेंबाथेंबाने गळून गेलेला घाम शरीरातील पाणी व मीठ नेतो, उष्णता फारशी नेत नाही.

आता आपल्या आजोबांचा पोशाख डोळ्यांसमोर आणावा. सैल धोतर, सुती सदरा व डोक्यास अनेक पदरी पटका. पटक्याच्या पदरापदरांत हवा अडकून राहते व डोक्यावरील ऊन आत पोचण्यास अडथळा होतो. सैल कपड्यातून वारा खेळतो व घाम वाळतो. आजीचा डोक्यावरून घेतलेला पदर हेच काम करतो. हा पोशाख केवळ रूढीने आला नाही; येथल्या उन्हाने तो शिकविला आहे. उलट हल्ली सुट्टीत गावी आलेला तरुण अंगास घट्ट बसणारी जाड विजार व कृत्रिम धाग्याची काळी बंडी घालून, डोके उघडे टाकून, दुपारी दोन वाजता मोटारसायकलवर निघतो. नीटनेटकेपणाची हौस तरुणांना असावी. केस विंचरणे, स्वच्छ कपडे घालणे यांत वाईट काही नाही. परंतु ज्या ऐटीने घाम वाळत नाही ती ऐट मे महिन्यात चाकूरच्या रस्त्यावर शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पांढरा सुती सदरा व ओला करून डोक्यास गुंडाळलेला पंचा यांत तरुण माणूस काही कमी देखणा दिसत नाही.

घरांचीही तीच कथा आहे, पण तिला एक दुःखद बाजू आहे. जाड दगडमातीच्या भिंतींची माळवदी घरे उन्हाळ्यात थंड असत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे आपल्या जिल्ह्यातील किल्लारी येथे झालेल्या भूकंपात अशीच घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यानंतर लोकांनी जड छप्परांची धास्ती घेतली असेल तर त्यांस दोष कोण देईल? परंतु हलक्या पत्र्याखाली दुपारी भट्टी पेटते हेही खरे. अशा घरात आजारी मूल निजवावयाचे असेल तर पत्र्यावर उसाचे पाचट अगर तुराट्या पसरणे, खिडकीस ओले पोते बांधणे, किंवा रोग्याची बाज सरळ लिंबाच्या दाट सावलीत नेणे, हे उपाय कोणासही करता येतात.

ऊन लागणे म्हणून आपण ज्यास म्हणतो त्यात दोन निराळ्या अवस्था असतात, व त्यांतील भेद घरातील प्रत्येकास ठाऊक असला पाहिजे. पहिलीत डोके दुखते, मळमळते, भरपूर घाम येतो, पायांत गोळे येतात; परंतु माणूस शुद्धीवर असून नीट बोलतो. त्यास सावलीत निजवून मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे थोडे थोडे पाजावे. दुसऱ्या अवस्थेत ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो, अंग चटके बसण्यासारखे तापते, आणि माणूस बरळू लागतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध होतो. हा उष्माघात होय. येथे पन्हे पाजत बसू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते. त्याचे कपडे काढून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाल्यास काखेत व मानेशी ठेवावा, आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. आधी अंग थंड करावे, मग गाडीत घालावे. गाडीतही पाणी मारणे थांबवू नये. खिशात कांदा ठेवण्याची चाल आपल्याकडे फार आहे. कांदा भाकरीबरोबर खावा, तो रुचकर आहे. परंतु खिशातला कांदा शरीराची उष्णता ओढून घेतो असे मानण्यास काहीही आधार नाही, आणि त्याच्या भरवशावर मुलास उन्हात पाठविणे धोक्याचे आहे.

उन्हाळ्यात पाणी आटते, व आटलेल्या पाण्याबरोबर दुसरा आजार येतो. लातूरकरांना पाण्याच्या टंचाईविषयी कोणी नवीन सांगावे असे नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला आणावी लागली. ‘जलदूत’ या नावाने ती देशभर प्रसिद्ध झाली. अशा दिवसांत लोक मिळेल ते पाणी मिळेल त्या भांड्यात साठवितात. टँकरचे पाणी हौदात, हौदातून घागरीत, घागरीतून तांब्यात असा त्याचा प्रवास होतो, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचा ना कोणाचा हात त्यात बुडतो. शिळे अन्न, उघड्यावर चिरून ठेवलेले कलिंगड व पंक्तीतील घाईने विसळलेली ताटे यांची त्यात भर पडते. मग एका रात्रीत मुलास दहा-बारा जुलाब होतात.

जुलाबात मूल मरते ते बहुधा जंतूंच्या विषाने नव्हे, तर अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे अशी आमची विनंती आहे. कारण जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडणे ही चूक अजूनही अनेक घरांत प्रेमापोटी केली जाते. ‘पाणी दिले की पुन्हा जुलाब होतो, म्हणून देऊ नये’ असा तो समज आहे. पुन्हा जुलाब होतो हे खरे. पण दिलेल्या पाण्यापैकी बराच भाग अंगात राहतो, विशेषतः त्यात मीठ व साखर योग्य प्रमाणात असली तर. आतड्याच्या अस्तराची रचना अशी आहे की मिठातील सोडियम व साखरेतील ग्लुकोज ही दोन्ही जोडीने आत शिरतात व आपल्यामागून पाणी ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही हे दार बंद होत नाही. नुसते पाणी प्याल्याने जे साधत नाही ते मीठ-साखरेच्या पाण्याने साधते ते यामुळेच.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून घरापर्यंत कसे आले याची हकीकत विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. सरहद्दीजवळ बनगाव येथे पटकीची साथ उसळली. रोगी जमिनीवर दाटीने पडलेले, डॉक्टर व परिचारिका मोजक्या, आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आलेले, अशी स्थिती होती. कलकत्त्याहून गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांतील पाण्यात कालविले व रोग्यांच्या आईबापांच्या, भावाबहिणींच्या हाती पेले देऊन सांगितले की, पाजत राहा. शेकडा तीसच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या खाली उतरले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार जगभर नेला. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले; दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्या छावणीत पेला धरणारे हात शिकलेल्या परिचारिकांचे नव्हते, ते घरच्या माणसांचे होते. जे बनगावात झाले ते चाकूर तालुक्यातील कोणत्याही वाडीवर होऊ शकते.

आरोग्य केंद्रात ‘ओआरएस’ नावाची पुडी मिळते, ती प्रत्येक घरी दोन-चार असाव्यात. पुडीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती पुरी कालवावी. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. मीठ अधिक झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करावा व अंदाजाने मूठ टाकू नये. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावर पिणाऱ्या तान्ह्यास दूध चालूच ठेवावे; मोठ्यास भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ भात द्यावा. उपाशी ठेवल्याने आतडे लवकर बरे होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान मुलांना जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी त्या पुऱ्या द्याव्यात. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, मूल झापड आल्यासारखे पडून राहते, किंवा शौचास रक्त पडते, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. सलाईनची बाटली लावल्याखेरीज उपचार झाला असे अनेकांस वाटत नाही. पिऊ शकणाऱ्या मुलासाठीही डॉक्टरांजवळ ‘सुई लावा, बाटली लावा’ असा हट्ट धरतात, आणि वीस रुपयांच्या पुडीस ‘हे कसले औषध’ म्हणून नाक मुरडतात. जो पिऊ शकत नाही, किंवा ज्याचे अंग अगदी कोरडे पडले आहे, त्यास सलाईन हवेच. इतरांस तोंडाने दिलेले पाणी तेच काम करते.

साठविलेल्या पाण्याचा उल्लेख वर आला. त्याच पाण्यातून सुट्टीतील तिसरा शत्रू उत्पन्न होतो, तो डास. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ साठ्यात, रांजणात, टाकीत, कूलरच्या तळाशी, गच्चीवर टाकलेल्या जुन्या टायरात अंडी घालतो, व दिवसा चावतो. अंड्याचा डास होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करण्याचा नेम धरला तर त्याची पिढी पुरी होत नाही. टंचाईच्या दिवसांत पाणी ओतून टाकावे कसे, हा प्रश्न योग्य आहे. त्यावर उत्तर असे की, पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, रिकामे भांडे घासावे, आणि तोंडास फडके बांधावे. पिण्याच्या पाण्यासाठी ओगराळे ठेवावे. सुट्टीत आलेल्या मुलांस हे काम नेमून द्यावे. ती ते आनंदाने करतात, विशेषतः भांड्याच्या कडेस चिकटलेली बारीक काळी अंडी शोधण्याचे.

डास व ताप यांचे नाते प्रथम ज्या प्रदेशात सिद्ध झाले तो आपल्याला परका नाही. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे सर रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर हिवतापाचा शोध घेत होते. गंमत अशी की, १८९७ च्या उन्हाळ्यात ते रजा घेऊन उटकमंडच्या थंड हवेस गेले असता तेथून जवळच्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. सुट्टीतील आजार थोरामोठ्यांनाही चुकला नाही तो असा. बरे होऊन ते सिकंदराबादेस परत आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यास, चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देऊन, त्यांनी आपल्या प्रयोगाचे डास पोसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे परजीवी वाढताना दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भयंकर उकाड्यात पंखा बंद ठेवून, कारण वाऱ्याने डास उडून जात, घामाने गंजलेल्या सूक्ष्मदर्शकावर ते तासन्‌तास काम करीत.

उन्हाळ्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत तापांचे प्रमाण अधिक असते, कारण पावसाने डबकी भरलेली असतात. ताप आला म्हणजे तो हिवताप, डेंग्यू, विषमज्वर की साधा पडशाचा, हे हात लावून कोणासही कळत नाही. रक्त तपासावे लागते. तोवर घरी काय करावे? अंगातील जाड पांघरुणे काढावीत, भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेली पॅरासिटामोलची मात्रा द्यावी. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतः होऊन देऊ नये. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढण्याचे भय असते. डेंग्यूत आणखी एक फसवी गोष्ट आहे. तीन ते सात दिवसांच्या सुमारास ताप उतरतो, घरातील माणसे निश्चिंत होतात, आणि खरा धोका नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. ताप उतरला असता पोटात जोराने दुखणे, सारख्या ओकाऱ्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, ही चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे.

विंचवाविषयी दोन वाक्ये लिहिणे अवश्य आहे, कारण सुट्टीत मुले दगड उचलतात, कडब्याच्या गंजीत शिरतात व अनवाणी फिरतात. लाल विंचू चावून घाम सुटला, ओकारी झाली व हातपाय गार पडले तर मंत्र, कांदा, चुना यांत वेळ घालवू नये. या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखविणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. त्यांनी हे संशोधन कोकणातील महाड येथे रोगी तपासता तपासता केले. ते औषध जितके लवकर मिळेल तितका गुण अधिक.

येथवर शरीराचा विचार झाला. पण आजारपणाची दुसरी एक बाजू आहे. सर्व भावंडे अंगणात खेळत असता एकट्याने बाजेवर पडून राहणे हे मुलास औषधाहून कडू वाटते. कोणी चिडते, कोणी भिंतीकडे तोंड करून अबोला धरते, कोणी आईस क्षणभरही उठू देत नाही. प्रत्येकाची आजारी पडण्याची रीत वेगळी असते, व तीही शिकून घडविता येते. कै. बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहावे, नाही तर आडवे पडावे, एवढेच त्यांच्या हाती उरले. त्यांनी आपली सारी राहणी त्या दोन अवस्थांस बेतून घेतली. खादीची पांढरी बंडी व आखूड चड्डी हा त्यांचा पोशाख ठरून गेला. पडल्या पडल्या ते लिहवून घेत, माणसांना भेटत, कामाची आखणी करीत. १९८५ साली ‘भारत जोडो’ यात्रेत शंभरावर तरुण कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर काश्मीरच्या दिशेने गेले. आणि विद्यार्थ्यांच्या सुट्टीचा विचार त्यांच्याइतका फार थोड्यांनी केला असेल. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे १९६७ पासून उन्हाळी सुट्टीत तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी त्यांनीच सुरू केली.

आपल्या मुलाचा आजार आठ-दहा दिवसांचा असतो. त्यास एवढा मोठा दाखला कशाला, असे कोणी विचारील. तर त्यातील अनुकरण करण्याजोगी गोष्ट लहानच आहे: जे करता येत नाही त्याची यादी न करता, पडून काय करता येते ते ठरविणे. चौथीपुढील मूल स्वतःच्या तापाची नोंद स्वतः ठेवू शकते. वहीत चौकटी आखाव्यात. सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्रीचा ताप, किती पेले पाणी प्यालो, लघवी कितीदा झाली, कोणते औषध किती वाजता घेतले, हे लिहावे. यात मुलाचा वेळ जातो, आणि डॉक्टरांस अर्ध्या मिनिटात सर्व हकीकत कळते. ‘परवापासून बारीक बारीक ताप आहे’ यापेक्षा ती वही शतपटीने मोलाची. मोठ्या बहिणीने गोष्ट वाचून दाखवावी, आजोबांनी पूर्वीच्या दुष्काळाच्या हकीकती सांगाव्यात. मोबाइल हातात देऊन मोकळे होऊ नये.

समाचारास येणाऱ्या आप्तांसही एक विनंती आहे. गावी कोणी आजारी पडले म्हणजे सारी भावकी खाटेभोवती जमते. यामागील माया आम्ही जाणतो. परंतु दहा माणसांनी वारा अडवून बसणे, प्रत्येकाने निराळे औषध सुचविणे, आणि आजाऱ्याच्या देखत ‘अमक्याचा मुलगा असाच गेला हो’ म्हणणे, यांनी रोग्यास ग्लानी येते. दोन माणसांनी आत यावे, थोडे बोलावे, व आईस तास दोन तास झोपावयास सांगून स्वतः पाणी पाजण्यास बसावे. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या जेवणाझोपेची चौकशी घरात बहुधा कोणीच करीत नाही.

राहता राहिला शाळेत परत येण्याचा प्रश्न. ताप गेल्याबरोबर, शाळा बुडेल या भयाने, मुलास दप्तर देऊन पाठवू नये. विषमज्वरात तर डॉक्टरांनी दिलेला औषधाचा क्रम पुरा होणे अगत्याचे असते, मध्ये बरे वाटले म्हणून गोळ्या थांबविल्या तर रोग उलटतो. निदान पहिला आठवडा कवायत व मैदानी खेळ टाळावेत. मुलाबरोबर वर्गशिक्षकांच्या नावे चिठ्ठी द्यावी, तीत कोणता आजार झाला, किती दिवस झाला, आता कोणते औषध चालू आहे व ते मधल्या सुट्टीत घ्यावयाचे असल्यास किती वाजता, हे स्पष्ट लिहावे, आणि पाण्याची बाटली घरून भरून द्यावी. तापाची ती चौकटींची वहीही सोबत दिली तर वर्गात ती दाखवून आलेख कसा काढावा हे शिकविता येईल.